हिवाळ्यातला शब्द

कायदेभंगात पकडलेल्या द्वारकाबाई पूर्वी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. ऐन पौषात त्यांच्या कोठडीतली सखू खोकून खोकून अर्धी झाली, तेव्हा त्यांनी गजांआडून तुरुंगाच्या गोऱ्या साहेबाला विनवलं, "हिला घटकाभर उन्हात बसू द्या."

वापरातून गेलेले जुने इंग्रजी शब्द ठाऊक असल्याचा साहेबाला भारी गर्व होता. अंगणात उभा राहून तो म्हणाला, "'ॲप्रिसिटी' म्हणजे काय, ते सांगा. मग बसू देतो."

द्वारकाबाईंनी काकडणाऱ्या सखूला जवळ ओढलं.

"हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब," त्या शांतपणे म्हणाल्या. "आत्ता तुमच्या पाठीवर आहे आणि हिच्या पाठीवर नाही, ती."

साहेबाचा चेहरा उतरला. त्याने शिपायाला कुलूप काढायला सांगितलं आणि सखू बाहेर येताच बाजूला सरून तिला उन्हातली जागा करून दिली.