पिवळ्या हाताची खंडेनवमी

“…मग माझ्याच यंत्राला कुंकू का नाही, चाचा?”

यासीनचाचा थापी धूत होते. वाळूचे साचे गुळगुळीत करायची ती लोखंडी थापी चाळीस वर्षं त्यांच्या हातात होती. त्यांनी ती पाण्यातून काढली, उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा पाण्यात बुडवली.

“चाचा, मी विचारतोय,” सुश्रुत म्हणाला.

“ऐकतोय की.”

खंडेनवमी होती. मगदूमांच्या फौंड्रीत सकाळपासून सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. हातोडे, पकडी, चाळण्या, वजनकाटा. ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, ही तिथली रीत. चाक मोडलेल्या हातगाडीलाही कुणीतरी झेंडू वाहिला होता. पाण्याच्या पिंपालासुद्धा कुंकवाचं बोट लागलं होतं.

शेडच्या टोकाला, जाळीच्या पिंजऱ्यात, तो उंच पिवळा यांत्रिक हात तेवढा कोराच उभा होता.

तो सुश्रुतनं आणला होता. बिडाची चाकं, एकेक छत्तीस किलोचं, दिवसाला चारशे. ती उचलून लाकडी फळ्यांवर रचायची, मग ट्रक येतो. सुश्रुतच्या वडिलांनी याच शेडमध्ये बावीस वर्षं ती उचलली. आता कुशीवर वळायचं म्हटलं तरी ते आईला हाक मारतात. सुश्रुत जर्मनीत सहा वर्षं शिकला, तिथं नोकरीही लागली. पण या शेडमधल्या पाठींनी आपल्याला वाढवलंय, हे तो एक दिवस विसरला नव्हता. त्या पाठींवरचं ओझं उतरवायचं, म्हणून तो परत आला होता.

आणि पिवळा हात चालत होता. अगदी छान चालत होता… सुश्रुत शेडमध्ये असेपर्यंत. तो दुसऱ्या कारखान्यात गेला, की इकडे माणसं पुन्हा वाकून चाकं उचलायला लागत.

काल मगदूमशेठ म्हणाले होते, “तुम्ही नसताना जे चालत नाही, ते ठेवून मी काय करू? दसरा झाला की माघारी न्या.”

दसरा उद्यावर आला होता.

“दऱ्याप्पाकाका, जरा इकडे या,” सुश्रुतनं हाक मारली. “चाचांसमोर सांगा. या यंत्राचा राग आहे का तुम्हाला?”

दऱ्याप्पा चाकं उचलणाऱ्या टोळीचा मुकादम. वडिलांच्या जोडीनं काम केलेला माणूस. त्यानं जीभ चावली.

“राग? काय बोलताय सायेब! आमची म्हातारी तुमच्या नावानं दिवा लावतीया. तुमी असता त्या दिवशी मी रातच्याला उताणा झोपतो.”

“आणि मी नसतो त्या दिवशी?”

“त्या दिवशी ते बी झोपतंय, आन् मी पालथा.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“मग मला शिकवा म्हणायचं की!”

दऱ्याप्पानं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली. “तुमचं हाय न्हवं ते.”

एवढं बोलून तो गेला.

सुश्रुतला ते लागलं. याच माणसानं त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जोतिबाची यात्रा दाखवली होती.

“बघितलंत, चाचा? यांच्यासाठी सगळं सोडून आलो, आणि हे मला सायेब म्हणतात. घाबरतात हे. नव्या गोष्टीला हात लावायला घाबरतात.”

चाचांनी थापी पुसून फडक्यावर ठेवली.

“तुझं हत्यार कुठलं?”

सुश्रुतनं पिशवीतून लॅपटॉप काढला. “हे.”

“ठेव हितं.”

त्यानं तो थापीशेजारी ठेवला. चाचांनी हळदीच्या वाटीत बोट बुडवलं.

“चाचा, जपून! ओलं आहे… आत गेलं तर…”

बोट हवेतच थांबलं.

चाचांनी ते आपल्या बाहीला पुसलं. सुश्रुतचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला होता. त्याला तो काढून घ्यावासा वाटला, पण आता उशीर झाला होता.

“जाळीवरची पाटी कुणी लिहिली?” चाचांनी विचारलं.

पाटीवर होतं : परवानगीशिवाय हात लावू नये.

“मी. कुणाला इजा होऊ नये म्हणून.”

“चांगलं केलंस. जाळी पाहिजेच. आणि चालू करायचा तो आकडा?”

“तो मला माहीत आहे.”

“आणि?”

“…मलाच.”

“किल्ली?”

सुश्रुतनं कमरेला हात लावला. किल्ली तिथंच होती.

“चाचा, चुकून भलतं बटण दाबलं तर? चाक पडेल, पकड वाकेल. आधी यांची तयारी व्हायला हवी.”

“उस्तादांनी मला ही थापी दिली, तेव्हा माझी कुठं होती तयारी? पहिल्या दिवशी सतरा साचे मोडले मी.”

“मग? उस्तादांनी काय केलं?”

“जेवायला गेले.”

सुश्रुत वाट पाहत राहिला.

चाचांनी कोपऱ्यातला डबा उचलला. “चल.”

“कुठं?”

“लिंबाखाली. भूक लागली.”

“आत्ता? आणि… यंत्राचं म्हणाल तर आज हत्याराला सुट्टी असते, चाचा.”

“हत्याराला. हे अजून कुणाचं हत्यार झालंय?”

सुश्रुतनं जाळीवरची पाटी पुन्हा एकदा वाचली. मग तो जाळीपाशी गेला. खिशातला खडू काढून त्यानं बटणांच्या पेटीवर चार आकडे लिहिले. कमरेची किल्ली सोडवली आणि दऱ्याप्पाला बोलावून त्याच्या हातावर ठेवली.

“काका, लाल बटण दाबलं की सगळं थांबतं. जाळीचं दार उघडलं तरी थांबतं. आत कुणी असताना…”

“म्हाईत हाय,” दऱ्याप्पा किल्लीकडं बघत म्हणाला. “दोन म्हयनं तुमच्या बोटाकडंच बघतोय.”

बाहेर लिंबाखाली चाचांनी भाकरी मधोमध मोडली. अर्धी त्याला दिली. वर झुणका, बाजूला कांदा.

आत मोटर गुणगुणली.

मग… धाड्!

सुश्रुत अर्धा उठला.

“भाकरी खा.”

“चाक पडलं, चाचा.”

“मी बहिरा न्हाई. कांदा घे.”

धाड्!

“आरं डावीकडं! डावीकडं!” आतून ओरडा आला.

“ती तुजी डावी, लेका! त्याची न्हवं!”

हसण्याचा एकच गलका झाला. सुश्रुतच्या हातातला घास हातातच राहिला. दोन महिन्यांत त्या पिंजऱ्याजवळ कुणी असं हसलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. तो असताना सगळे कसे गप्प उभे राहत.

तिसऱ्यांदा काही पडलं. मग सगळं शांत झालं.

ही शांतता लांबली. मोटरसुद्धा ऐकू येईना.

“लाल बटण दाबलं असणार,” सुश्रुत पुटपुटला. “पकड अडकली असेल. मला दोन मिनिटं लागतील, चाचा. फक्त दोन.”

चाचांनी त्याच्यापुढं तांब्या सरकवला.

तो पाणी प्यायला. लिंबाची दोन पानं भाकरीवर पडली, ती चाचांनी बाजूला काढली.

आत पुन्हा गुणगुण सुरू झाली.

…टक.

लाकडावर बीड टेकल्याचा तो हलका आवाज होता.

…टक.

…टक.

“ठेवलं की रं गड्यानं!” दऱ्याप्पाचा आवाज फाटला होता. “पोरांनो, सरका बाजूला. मला करू द्या अजून एक.”

सुश्रुतचे डोळे भरून आले. वडिलांची पाठ, परदेशातल्या त्या थंड खोल्या, इथवर आणणारी सगळी माणसं… कुणाकुणाचे आभार मानावेत त्याला कळेना. तो उष्ट्या हातानंच चाचांच्या पायाशी वाकला. चाचांनी त्याचा हात वरच्यावर धरला.

“चाचा, तुमचे उपकार…”

“झुणका सुनेनं केलाय. उपकार तिचे.”

टक. टक. आता आवाज एका लयीत येत होता. सुश्रुत हसत, डोळे पुसत उठून उभा राहिला.

“चालतंय, चाचा! माझ्याशिवाय चालतंय! एकदा नुसतं दारातनं बघून येऊ?”

“नको,” चाचा म्हणाले. “तू दिसलास की त्यांना वाटंल, बिघडलंय.”