सारजाच्या घरचं गूळपाणी

"तलावाचं पाणी वाईट आहे असं कोण म्हणतंय?" रणधीरराजे दरबारात गरजले.

कुणीच म्हणेना. म्हणणार कसं? तलाव राजांच्या आजोबांनी खणलेला, नावही त्यांचंच. त्यात आधी राजांचे हत्ती डुंबायचे, मग गाव ते पाणी प्यायचं. घरोघरी पोटं बिघडली, तेव्हा राजवैद्यांनी जाहीर केलं की या पाण्याने पोट साफ होतं. तेही काही खोटं नव्हतं म्हणा.

राजे स्वतः मात्र वाड्यातल्या विहिरीचं पाणी प्यायचे. त्या विहिरीला कुलूप.

"मी म्हणते, सरकार." मागून आवाज आला. वाड्यावर भाकऱ्या थापणारी सारजा. धाकटी लेक जुलाबांनी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला राजाची भीती वाटायची राहिली होती.

"मग सिद्ध कर. पण ते पाणी कुणाला पाजायचं नाही, आणि आमच्यासमोर पाण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जमलं तर मागशील ते देऊ. नाहीतर गाव सोडायचं."

मी असते तर तिथूनच गाठोडं बांधायला पळाले असते. सारजा म्हणाली, "बरं. मग उद्या दुपारी माझ्या घरी पायधूळ झाडा."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात राजे आले. सोबत प्रधान आणि राजवैद्य. बघायला सगळी आळी लोटली. सारजाने रीतीप्रमाणे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. गूळपाणी नाकारलं तर त्या घराचा अपमान, हे राजालाही चुकत नाही. राजांनी खडा तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि त्यांचा हात मधेच थांबला.

"पाणी कुठलं गं?"

"पाण्याबद्दल बोलायचं नाही असा हुकूम आहे, सरकार."

"प्रधानजी, तुम्ही घ्या आधी."

"माझा निर्जळी उपवास आहे, महाराज."

"कधीपासून?"

"आत्ताच धरलाय."

"वैद्यराज, तुम्ही?"

"मी नुकतंच औषध घेतलंय. त्यावर पाणी चालत नाही."

"कसलं औषध?"

"पोटाचं," वैद्य पुटपुटले.

गूळ राजांच्या घशाला चिकटला होता. गर्दीतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पाण्याला ओठ लावंनात गं. सारजीचं काय चुकलं म्हणावं?"

राजांचे कान लाल झाले. "सारजा, हुकूम मागे घेतला. सांग, तलावाचं की विहिरीचं?"

"दोन्ही सारखीच असती सरकार, तर तुम्ही विचारलंच नसतं."

वैद्य छपराचे वासे न्याहाळू लागले. राजांच्या मिशा थरथरल्या. लोकांना वाटलं, संपली सारजा. पण ते हसू होतं, गुळामुळे आतच अडकलेलं.

"आता तरी सांग, कुठलं आहे?"

"तुमच्याच विहिरीचं. मुदपाकखान्यातून मागून आणलंय. तलावाचं कुणाला पाजू नको म्हणालात ना?"

राजांनी तांब्या घटाघटा रिकामा केला. मागच्या मागे प्रधानांनी दुसरा तांब्या मागून घेतला.

"माग, काय हवं?"

"विहिरीची किल्ली."

राजांनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "आणि सगळं गाव तिथे लोटलं की आम्हाला पाणी कोण देणार?"

"रांगेत उभं राहायचं, सरकार. पण जरा लवकर या. बायका उजाडायच्या आत पाण्याला निघतात."

राजे इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला. सारजाने तिसरा तांब्या पुढे केला. या वेळी मात्र त्यांनी काहीएक विचारलं नाही.