अढळ आसनाचा वर

एका राज्यात राजा दर घटकेला सिंहासनावरून उठतो, आणि रयतेला त्याचा कोण अभिमान! ऐकाल तर तुमचीही मान ताठ होईल. फक्त फार वेळ ताठ ठेवू नका. का, ते कळेलच.

तिथला राजा शैलधर भारी मानी. काळंभट मांत्रिक त्याच्यावर प्रसन्न झाला, हवा तो वर माग म्हणाला, तर या पठ्ठ्यानं काय मागावं? "माझं आसन अढळ राहो." मांत्रिक तथास्तु म्हणाला. राजा सिंहासनावर बसला तो बसलाच. आधी पावलं दगडाची झाली, मग गुडघे, मग कंबर. आणि दरबारी मंडळी कौतुकानं माना डोलावत होती, की राजा असावा तर असा, जागचा हलत नाही.

राजकन्या चपलेला मात्र रडू कोसळलं. दगड काळजापर्यंत पोचला की आपले आबासाहेब गेले, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिच्या बोलक्या साळुंकीनं सल्ला दिला, की ज्यानं वर दिला त्यालाच गाठ. चपला तशीच डोंगर चढून गेली. बघते तर काळंभट गुहेपुढे हातपाय ताणून आसनं करत होता.

"दिलेला वर परत घेता येत नाही," तो म्हणाला.

"परत नका घेऊ," चपला म्हणाली. "तुम्ही करता तेही आसनच ना? वरातलं आसन तेच धरा, आबासाहेबांचा तो नेम अढळ राहू दे."

काळंभट हसला. पोरगी बापाच्या वरताण निघाली म्हणाला. मग त्यानं बजावलं, की राजानं कंबर वळवावी, हात उंचवावेत आणि उभं राहावं, पण आपल्या मर्जीनं. कुणी ओढलं तर दगड तडकेल.

आता मानी माणसाला हलवायचं कसं? चपलेनं आबासाहेबांना सहज विचारलं, सिंहासनाच्या पाठीवर काय कोरलंय, कधी पाहिलंत का? राजा कष्टानं मागे वळला. कंबर कडकड वाजली, दगडाच्या कपच्या उडाल्या. पाठीवर त्याचे सारे पूर्वज कोरलेले होते. एकही बसलेला नव्हता.

तेवढ्यात साळुंकीनं त्याचा मोत्यांचा तुरा उचलून छत्राला अडकवला. राजानं रागानं दोन्ही हात उंच ताणले, तुरा काढला, आणि कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

राहिलं उठणं. प्रधान काकुळतीला आला, म्हणाला महाराज, आसन सोडलंत तर राज्य जाईल. चपला दरवाजात जाऊन उभी राहिली.

"आबासाहेब, वाडवडील उभे होते. आपणही उठावं."

राजा उठला. गुडघे करकरले, डोळ्यांत पाणी आलं, पण गडी बसला नाही. एकेक पाऊल टाकत तो लेकीपर्यंत आला, तेव्हा मागे नुसता दगडांचा चुरा पडला होता. भर दरबारात त्यानं चपलेला जवळ घेतलं. म्हणाला, "ही माझी लेक."

तेव्हापासून घटकेचा टोल पडला की राजा उठतो, अंग ताणतो, चार पावलं फिरतो, आणि अख्खा दरबार त्याच्यासोबत. एकदा परमुलखाचा वकील हे पाहून हसला. तुमच्या राजाला एका जागी बसवत नाही काय, म्हणाला. तेव्हा तोच प्रधान छाती काढून उत्तरला, "आमच्या राजाला उठता येतं."

गोष्ट संपली. बराच वेळ बसलात, उठा आता.