सूत कुठं कापायचं

"...मग नेमकं काय कापायचं म्हणतेस?" भन्तेंनी विचारलं.

निरंजनानं मांडीवरच्या तीन महिन्यांच्या लेकीकडे बघितलं. "हिच्यात जे आलंय ते, भन्ते. सूत बांधा, पाठ म्हणा, काहीही करा. पण हिच्यापाशी ते राहायला नको."

बोलली आणि स्वतःच वरमली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.! फळ्यावर वाटाण्याच्या शेंगा काढून कॉलेजातल्या पोरांना आनुवंशिकता शिकवणारी बाई. सूत बांधून रक्त बदलतं, असं एखाद्यानं पेपरात लिहिलं असतं तर तिनंच भोपळा दिला असता.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"सिकलसेलची वाहक आहे म्हणाल्या, आजारी नाही. दोघांकडून एकेक अंश आला तरच आजार. हिला एकच आलाय. खेळेल, पळेल. फक्त लग्नाच्या वेळी मुलाचंही रक्त तपासा म्हणाल्या."

"मग?"

"मग दोन दिवस मी आनंदात होते. तिसऱ्या दिवशी हिच्या लग्नाची काळजी लागली."

भन्ते हसले. नवरीला अजून मानसुद्धा धड धरता येत नव्हती.

वैनगंगेच्या काठावरचा तो लहानसा विहार दुपारचा रिकामाच होता. दाराशी भिंतीला टेकून निरंजनाची सासू, कौतिकाबाई, तेवढी बसली होती. एरवी तिचं तोंड भाताच्या गिरणीसारखं चालायचं. नातीचं रक्त तपासून आलं, तेव्हापासून गिरणी बंद.

त्या गप्प बसण्याचीच निरंजनाला धास्ती होती.

कारण मागाहून तिचं आणि नवऱ्याचंही रक्त तपासलं होतं. नवऱ्याचं स्वच्छ निघालं. अंश तिच्यात होता. तिनं नवऱ्याला शपथ घालून गप्प ठेवलं होतं.

ती तेल्याची लेक, बौद्धाच्या घरात आलेली. लग्न केलं त्या दिवशी माहेर तुटलं. "सिकलसेलसारखे आजार त्यांच्यातच असतात," हे आईचं शेवटचं वाक्य. डॉक्टरीणबाई तर सांगत होत्या, या भागात गोंड घ्या, कुणबी घ्या, तेली घ्या, बौद्ध घ्या, हा अंश कुणाकडेही निघतो. निघाला. नेमका तिच्याकडे. ज्या घरानं तिला ओवाळून आत घेतलं, त्या घराला तिनं हे आणून दिलं होतं.

भन्तेंनी पांढऱ्या सुताची गुंडी घेतली. एक टोक पाण्याच्या कलशाला गुंडाळलं, सूत स्वतःच्या बोटांतून सोडलं आणि गुंडी चटईवर ठेवली. बाईच्या हातात ते काही देत नसत.

"कौतिकाबाई, इकडं या. धरा."

कलशापासून भन्ते, भन्तेंपासून सासू, सासूपासून निरंजना. उरलेलं टोक निरंजनानं लेकीच्या मनगटाला गुंडाळलं.

मग भन्तेंनी झोळीतून डोकं भादरायचा वस्तरा काढून तिच्यापुढं ठेवला.

"काप."

"कुठं?"

"जिथून आलं तिथं."

...

निरंजनानं वस्तरा उचलला. सासूच्या पलीकडं कापलं तर ते सासरकडून आलं असं होईल, आणि ते खोटं. लेकीच्या अलीकडं कापायचं तर हात धजेना.

पातं हळूहळू सरकत सासूच्या आणि तिच्या हाताच्या मध्ये येऊन थांबलं.

"आई... ते माझ्याकडून आलंय."

कौतिकाबाई पुढं सरकली. "काय म्हणते?"

"माझ्या रक्तात आहे. यांच्यात नाही. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

"माह्या पोराच्यात नाही?"

"नाही."

"माह्याकडून नाही आलं?"

"नाही हो, आई."

"हे बापा!" कौतिकाबाईनं कपाळाला हात लावला, पण सुताचा हात तसाच धरून. "माहा भाऊ पोट्टेपणीच गेला, सांधे दुखून दुखून. मले वाटलं, माह्याच घरचं उतरलं पोट्टीत. तुह्या तोंडाकडं पाह्याची सोय नव्हती मले. म्हणजे मी फुकटची रडली?"

निरंजनाला हसू आलं, आणि मग रडूही. "मीपण."

"अन् दुसरं झालं तर?"

"यांच्यात नाही ना, आई. म्हणजे त्यालाही आजार व्हायचा नाही."

"मग वस्तरा काहून धरला व अजून? ठेव तो खाली. तू सुटली तर तुह्यामागं पोट्टी बी सुटन!"

पोट्टीनं तोवर मनगटाचं सूत तोंडात घातलं होतं.

भन्तेंनी डोळे मिटले आणि पाठ म्हणायला सुरुवात केली. तो संपवून त्यांनी पोरीच्या मनगटावरचं तेवढं ठेवून बाकीचं सूत तोडून घेतलं, तेव्हा कौतिकाबाईची गिरणी पूर्ववत चालू झाली होती. सूत किती लाळावलं, सैल बांधावं की घट्ट, यावर दोन मतं देऊन तिसरं स्वतःच्याच हातानं अमलात आणून ती नातीला घेऊन बाहेर गेली.

निरंजना उंबऱ्याशी घुटमळली.

"भन्ते, पण हिला हे सांगायचं कधी?"

भन्ते उरलेलं सूत गुंडीला गुंडाळत होते.

"मनगट पुढं करून ती ज्या दिवशी विचारेल, हे सूत कुणीकुणी धरलं होतं... त्या दिवशी."