मथुरेचे दात आणि पौर्णिमेचे साचे

फार फार मागे, डोंगरापलीकडच्या एका राज्यात मथुरा नावाची मुलगी आपल्या आईसोबत राहत होती. तिचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते. मैत्रिणी चिडवत, म्हणून ती तोंडावर हात धरूनच हसायची.

तिच्या गावात अंबूआत्या नावाची म्हातारी दातांची वैद्य होती. ती एका झाडाच्या चिकापासून काचेसारखे आरपार दिसणारे पातळ साचे करी. साचा दातांवर चढवायचा आणि पौर्णिमा आली की तो काढून पुढचा घालायचा. प्रत्येक साचा दातांना जरासा ढकले. असे करत दात ओळीत येत.

आत्याने सगळे साचे परडीत भरून दिले आणि बजावले, "पौर्णिमेआधी बदलू नकोस हं, बाळ."

मथुरेने आधी नेम पाळला. पण त्याच सुमारास आईची नजर मंदावू लागली. सुईत दोरा ओवेना, मग अंगणातली मांजर ओळखू येईना. राजवैद्य म्हणाले, "नजर जाणार. उपाय नाही."

आईने आपले सुरेख हसू एकदा तरी बघावे, एवढेच मथुरेच्या मनात होते. चंद्र अर्धाही व्हायच्या आत ती साचे बदलू लागली. हिरड्या ठणकत, ती सोसायची. दात भराभर सरकले. आणि एके सकाळी भाकरीचा तुकडा तोडताना पुढचा दात हलला.

ती रडत आत्याकडे धावली. आत्याने दात हळूच चाचपला.

"पोरी, दाताचं मूळ हाडात रुतलेलं असतं. हाड वाट देतं, पण सावकाश. हळू सरकवलं तर मूळ झिजलं तरी केसभर झिजतं, ते सोसतं. तू रेटलंस, म्हणून ते आखूड झालं. आता ते परत वाढायचं नाही."

"पण आईची नजर कुठे थांबणार होती, आत्या?"

आत्या रागावली नाही. तिने मथुरेला जवळ घेतले. "दात वाचेल. सध्या नवा साचा नको. हाडाला विसावा दे."

घरी येऊन मथुरेने आईला सगळे सांगितले.

"वेडे," आई म्हणाली, "मला कुठे सरळ दात बघायचे होते? तो तोंडावरचा हात काढ. दिसतंय तोवर तुझं हसू बघू दे."

मथुरेने हात खाली घेतला. ती रडता रडता हसली. आईने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

पुढच्या थंडीत आईची नजर गेली. मथुरेने पुढे साचे पुन्हा सुरू केले, पण पौर्णिमेगणिक. दात ओळीत आले, टिकलेही. त्या एका दाताचे मूळ मात्र आखूडच राहिले. कणीस असो की पेरू, तिला जन्मभर दाताने तोडता आले नाही.

लहानथोरांनो, दिसते ते सरळ करताना, न दिसणाऱ्या मुळांना त्यांचा वेळ द्यावा.