कुंपणाची उपळसरी

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह छकड्यातून निघाले. कुठे जायचे, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

शिष्याला त्यांच्याकडे येऊन पाच वर्षे झाली होती. त्याच्या गावात औषध देणारे कोणी नव्हते. लोक त्याची वाट पाहत होते. त्या सकाळी त्याने पुन्हा विचारले, "गुरुजी, आता मी गावी जाऊ का?" एरवी वैद्य "अजून नाही" म्हणत. आज म्हणाले, "छकडा जुंप. फिरून येऊ."

"कुठे?"

"ते बैलांना विचार."

फाट्यावर येताच वैद्यांनी कासरा चक्क दांडीला गुंडाळला आणि ते आत गवतावर आडवे झाले. बैलांनी रानाची वाट धरली. शिष्य मनातून धुमसत होता. त्याने तीनशे औषधींची वही सोबत घेतली होती. अख्खा दिवस फुकट चालला होता आणि गुरुजी खुशाल घोरत होते!

पण हिसक्यांनी वहीतली अक्षरे नाचू लागली. बाजूला करवंदीच्या जाळ्या लगडल्या होत्या. त्याने एक करवंद तोडले, मग ओंजळभर. बैल ओढ्यावर पाणी प्यायला थांबले, तेव्हा तोही पाण्यात पाय सोडून बसला. असे उगाच बसणे लहानपणानंतर त्याला जमलेच नव्हते. त्याला फार बरे वाटले.

ओढा ओलांडताना चाक वाळूत रुतले. गुडघे टेकून तो वाळू उकरू लागला, तोच एक मूळ तुटले आणि ओळखीचा गोड वास आला.

"गुरुजी, उपळसरी!"

मुळाचा माग काढत तो एका बारीक वेलीशी पोचला. लांबट पाने, मधोमध पांढरी रेघ. तो चकित झाला. "अहो, ही तर आपल्या कुंपणाशी आहे! रोज तुडवतो मी हिला." पाच वर्षे त्याने बरणीतली सुकी मुळे लोकांना दिली होती. बरणीवर चिठ्ठी होती. वेल पाहायची गरजच पडली नव्हती.

वैद्य उठून बसले. "बाळा, तुझी वही उत्तम आहे. पण रोगी कपाळावर चिठ्ठी लावून येत नाही. तो असाच कुठेतरी रुतलेला असतो. तिथे गुडघे टेकावे लागतात, आणि समोर येईल ते कुतूहलाने पाहावे लागते. ठरवून नेले असते, तर मी सांगितले तेवढेच तू पाहिले असतेस."

"आणि चाक रुतले नसते तर?"

"तर करवंदे खाऊन परतलो असतो. दिवस काही वाईट गेला नसता!"

दोघेही मनमोकळे हसले.

परतताना फाट्यावर कासरा शिष्याच्या हाती होता. डावीकडे घर होते. उजवीकडच्या टेकडीवर अजून ऊन होते. त्याने क्षणभर पाहिले आणि बैल उजवीकडे वळवले.

"उद्या गावी जायला नीघ," वैद्य म्हणाले आणि समाधानाने पुन्हा आडवे झाले.