बोरखडीच्या शाळेपुढचे दगड

त्या दिवशी आभाळ कोरडे होते आणि वारा सुटला होता, असे सांगतात. आषाढात बोरखडीला पाऊस येत नाही, वारा येतो. चालत्या मेंढराला तिरके करील असला वारा. आताही तोच आहे, तेव्हा टोपी धरा आणि असे इकडे या. शाळेपुढे दगडांच्या रांगा दिसतात, त्यांना पाय लावू नका. त्यांना शेंदूर नाही की चुना नाही. पण या रांगा मोजल्याशिवाय बाहेरच्या साहेबाला या गावात चहा मिळत नाही.

पूर्वी इथे मातीची शाळा होती. ती बसली. नवी किती खोल्यांची बांधायची हे ठरवायला एक साहेब मोजणीला आला, तो नेमका माघात. आता माघात धनगराच्या घरी कोण सापडणार? दिवाळी झाली की मेंढरे कोकणात उतरतात, मेंढरांमागे माणसे आणि माणसांमागे पोरे. घरोघर कुलपे. साहेबाला चौदा पोरे दिसली, त्याने चौदा लिहिली, आणि चौदांपुरती एक खोली मंजूर झाली. तीसुद्धा उभी राहायला सात वर्षे लागली. तोवर पोरांना पत्र्याची शेड दिली. वर्षापुरती, म्हणे.

चैत्रात तो पत्रा तव्यासारखा तापायचा आणि आषाढात उडायला बघायचा. शेवटी गुरुजी म्हणाले, प्रत्येकाने घरून एकेक दगड आणा, वर ठेवू. एकसष्ट पोरांचे एकसष्ट दगड पत्र्यावर चढले.

गावात म्हाकूबा नावाचा म्हातारा होता. त्याची नात ठकू पहिलीत होती. तिचा दगड त्याने स्वतः ओढ्यातून निवडून आणला, चांगला जड, आणि स्वतः वर ठेवला. म्हाकूबाला आकडे येत नव्हते. पण दोनशे मेंढरांत एक कमी असले तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो मोजत नव्हता, एकेकाचे तोंड ओळखत होता. शाळेसाठी तो तीन वेळा तालुक्याला चालत गेला. तिन्ही वेळा कारकुनाने कागद दाखवला. चौदा. म्हाकूबाने तिन्ही वेळा हात जोडले आणि परत आला. माणूसच तसा होता, सावकाश.

मग एका दुपारी वाऱ्याने पत्रा उचलला आणि एक दगड आत आला. ठकूच्या उजव्या हातावर. दगड तिचाच होता. तीन बोटे गेली.

म्हाकूबा ओरडला नाही. "म्याच ठिवला," एवढेच म्हणत आठ दिवस बसून राहिला. नवव्या दिवशी नव्या खोलीच्या उद्घाटनाला साहेब आला. मोजणीचाच साहेब, आता मोठा झालेला. आत हार झाले, नारळ झाला, भाषण सुरू झाले. बाहेर म्हाकूबाने शेडला शिडी लावली. एकेक दगड उतरवून तो नव्या खोलीच्या दारात रचू लागला. हा बिरूचा, हा सोनाबाईच्या धाकटीचा, हा ठकूचा. त्याने कुणाला बोलावले नाही आणि त्याला कुणी अडवले नाही. एकेक बाप आपणहून आला आणि आपल्या पोराचा दगड हातात घेऊन त्यावर रचू लागला. भाषण संपले तेव्हा दारात छातीएवढी भिंत होती.

साहेब म्हणाला, हे काढा. तेव्हा म्हाकूबा बोलला, आणि त्याचा आवाज चढला नाही, असे सांगतात.

"साहेब, तुमच्या कागदावर चौदा हायती. चौदा उचला. बाकीचं दगूड न्हाईतच की. मग वाट कशानं अडली?"

साहेबाने चौदा उचलले. गळ्यात हार तसाच. मग त्याने राहिलेल्यांवर पाय दिला, दगड बुटाखाली फिरला, आणि तो मागे सरला. गाव हसले नाही. अखेर तो तिथेच खाली बसला, उरलेले सत्तेचाळीस मोजले आणि नवा कागद आपल्या हाताने लिहिला.

पाच खोल्या झाल्या. त्यालाही आणखी चार वर्षे गेली. ठकू डाव्या हाताने लिहायला शिकली, ती पत्र्याखालीच शिकली. खोल्या झाल्या म्हणून गावाचा राग गेला असे समजू नका. तो या रांगांत नीट मांडून ठेवला आहे.

आजही बोरखडीत बारसे झाले की बाप एक दगड आणतो आणि त्या सालच्या रांगेत ठेवतो. रांग लांबली की सहा वर्षे आधीच गाव तालुक्याला जाऊन बसते. ही रीत त्या उद्घाटनाच्याच संध्याकाळी पडली. सगळे पांगले होते, वारा तसाच होता. म्हाकूबा ठकूचा दगड मांडीवर घेऊन एकटाच बसला होता. शेजारचा धुळाप्पा आला. त्याची सून परवाच बाळंत झाली होती. त्याने आणलेला दगड म्हाकूबापुढे ठेवला आणि म्हणाला,

"ह्यो माझ्या नातवाचा. सा वर्सांनी साळंत यील. आत्ताच सांगून ठिव त्यास्नी, म्हाकूबा. मागनं पत्रा दिऊ नगा म्हणावं."